फी माफ झाली, राहायचं कुठं?

शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळेपासून सुरू करतो. फळा, खडू, दाराबाहेर बसवलेलं पोरगं. ते बरोबरच आहे. पण मला आज वर्गाचा नाही, खोलीचा इतिहास सांगायचाय. कॉलेज सुटल्यावर पोरगं जातं कुठं? खातं काय? रात्री अभ्यासाला दिवा कुणाचा? आपली किती पोरं वर्गात नापास झाली आणि किती जण राहायला जागा नाही म्हणून घरी परतली, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

माझा हिशेब मला माहीत आहे. बारावीला बरे मार्क पडले, शहरातल्या कॉलेजात नाव लागलं. फी माफ होती. बाप म्हणला, "फी न्हाई म्हणतो, मग अडलंय कुठं?" अडलं होतं राहण्याचं. होस्टेलच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसरी लागेपर्यंत दिवाळी आली. भाड्याची खोली बघायला गेलो तर मालकानं आधी आडनाव विचारलं, मग म्हणला, खोली कालच गेली. आठ दिवसांनी बघितलं तर 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकलेली. दिवाळीला गावी आलो, तो परत गेलोच नाही. आज सूतगिरणीत रात्रपाळी करतो आणि दिवसा वाचतो. जे वाचलं त्यातून हे लिहितोय.

सुरुवात बाबासाहेबांपासून करू. पण पुतळ्यातल्या नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापासून. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपये स्कॉलरशिप होती. १९१२ ला ते बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी महाराजांनी परदेशी शिकायला महिना साडेअकरा पौंड, असे तीन वर्षं द्यायचं ठरवलं. बदल्यात शिकून आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, असा करार होता. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले.

पुढची गोष्ट आपल्या भाषणात कधी येत नाही. कोलंबिया विद्यापीठात ते पहिल्यांदा हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण रुचलं नाही. थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथं काही हिंदी विद्यार्थी होते. तिथून पुढं लिव्हिंगस्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. तीन जागा बदलल्या, आणि तिन्ही वेळा त्यांना कुणी जात विचारून हाकललं नाही. ज्या माणसाला लहानपणी शाळेत बसायला स्वतःचं पोतं घेऊन जावं लागलं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'मी कुठं राहू' हे स्वतः ठरवता आलं. १९१५ ला एम.ए. झालं, १९१६ च्या मे महिन्यात जातीवरचा तो गाजलेला निबंध वाचला. डोकं त्यांचंच होतं. पण त्या डोक्याला रात्री टेकायला उशी होती, हेही तेवढंच खरं.

आता त्याच माणसाला चार वर्षांनी बघा. १९१७ चा सप्टेंबर, बडोदा. कोलंबियाची एम.ए., लंडनचा अभ्यास, संस्थानची मोठी नोकरी. आणि राहायला जागा नाही! हिंदू हॉटेल घेणार नाही. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर. सामान आवरलं. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन मित्राकडं विचारून बघितलं, दोघांकडंही सोय झाली नाही. कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

न्यूयॉर्क आणि बडोदा शेजारी ठेवून बघा. स्कॉलरशिप एकाच राजाची, माणूस तोच. एका गावात खोली मिळाली, एका गावात नाही. म्हणजे पैसा ही एक लढाई आणि छप्पर ही दुसरी. पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकता येत नाही.

हे बाबासाहेबांनी अंगावर सोसलं होतं. म्हणून २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेनं वसतिगृह उघडलं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. तळ्याच्या आधी बोर्डिंग आलं, हे ध्यानात ठेवा. त्याआधी १९०८ ला शाहू महाराजांनी कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल काढलं होतं. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ ला बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. यातल्या प्रत्येकाला कळलं होतं की खेड्यातलं पोरगं शाळेत आणायचं, तर आधी त्याची भाकर आणि अंथरूण बघावं लागतं.

आता आपल्या नगरकडं या. आज कागदावर अहिल्यानगर, तोंडात नगरच. १८३१ ला इथं अमेरिकन मराठी मिशन आलं. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे घेतले ते इथंच, मिशनच्या फरारबाईंकडं. मिशनच्या शाळांना जोडून बोर्डिंगं होती आणि महारा-मांगांची पोरं तिथं राहून शिकली. त्यांचा धर्माचा हिशेब वेगळा होता, तो असो. पण गावकुसाबाहेरच्या पोराला दिव्याखाली जागा मिळाली ती तिथं.

नंतर चळवळीनं स्वतःची बोर्डिंगं काढली. अकोल्याचे, म्हणजे आपल्या अकोले तालुक्याचे, दादासाहेब रूपवते यांनी बहुजन शिक्षण संघ काढला आणि वसतिगृहं चालवली. त्याच तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ च्या त्यांच्या 'बलुतं'त संगमनेरच्या बोर्डिंगातले दिवस आहेत. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा. बोर्डिंगाच्या आमटीतून दलित साहित्य कसं शिजलं ते कळेल.

एक प्रसंग नगरच्या माणसानं विसरू नये. १९४२ च्या ऑगस्टपासून नेहरू आणि काँग्रेसचे बडे पुढारी आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. त्यावेळी बाबासाहेब दिल्लीला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबरात त्यांनी लिनलिथगोपुढं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन ठेवलं, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. त्यातून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींची भारत सरकार स्कॉलरशिप सुरू झाली. आज पोरं जी 'जीओआय' म्हणतात, तिचं मूळ हे. ती सरकारची मेहरबानी नाही. आपल्या माणसानं भांडून आणलेला हक्काचा पैसा आहे.

पैसा आला, आता छप्पर. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. मिलिंदच्या नागसेनवनात वसतिगृहं उभी राहिली. आपल्या नेवासा-शेवगावच्या पोरांना पुण्यापेक्षा औरंगाबाद जवळ. मुंबईत वडाळ्याला सोसायटीचं सिद्धार्थ विहार होतं. १९७२ च्या दलित पँथरचा इतिहास त्या खोल्यांशिवाय लिहिताच येत नाही. दहा बाय दहात चार-चार जण, एक पेपर, रात्रभर वाद. म्हणून मी म्हणतो, बोर्डिंग म्हणजे नुसती झोपायची जागा नाही. गिरणीत सूत निघतं, बोर्डिंगात माणूस निघतो.

पण कागदानं आपल्याला सारखं अडवलंय. १९५६ ला आपण धम्म घेतला. महाराष्ट्रानं राज्याच्या सवलती बौद्धांना दिल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध आले ते १९९० ला. मधली ३४ वर्षं कुणी मोजली? आणि अलीकडचं सांगायचं तर हैदराबादचा रोहित वेमुला. २०१५ ला त्याची फेलोशिप थांबली, डिसेंबरात त्याला होस्टेलमधून काढलं. मित्रांबरोबर तो उघड्यावर झोपला. १७ जानेवारी २०१६ ला त्यानं जीव दिला. बघा, आधी पैसा थांबवला, मग छप्पर काढलं.

आज काय आहे? आई-बापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखाच्या आत असेल तर जीओआय मिळते. २०२१ च्या नियमांत होस्टेलवर राहून बी.ए. करणाऱ्याला निर्वाह भत्ता वर्षाला ६,००० रुपये, बाहेर राहणाऱ्याला ३,०००. महिन्याचे ५०० आणि २५०! सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर राज्याची स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासूनची. ती सुरू झाली तेव्हा रक्कम ठरली शहराप्रमाणे वर्षाला ४३ हजार ते ६० हजार. योजना चांगली आहे. पण खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स आधी भरायचा आणि पैसे खात्यावर नंतर येणार. मधले महिने पोरानं काढायचे कसे? माझ्यासारखी पोरं याच मधल्या महिन्यांत गळतात.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं साधं आहे. चौदा एप्रिलला डीजे लावायला जमतो तसे मे महिन्यात पुन्हा जमा. आपल्या वस्तीतली बारावीची पोरं-पोरी मोजा. जातीचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रिका, आधारला जोडलेलं बँक खातं, हे निकालाआधी तयार ठेवा. बौद्ध असेल तर दाखल्यावर काय लिहिलंय ते दोनदा वाचा. स्कॉलरशिपचा फॉर्म आणि होस्टेलचा फॉर्म वेगवेगळे असतात. एक भरला म्हणजे दुसरा भरला असं समजू नका. पोरींच्या होस्टेलची चौकशी आधी करा, कारण जागा नसली तर पोराला कुठंतरी टाकतात, पोरीला घरीच बसवतात.

आणि शेवटचं. वर्गणीतून शहरात एक खोली भाड्यानं घ्या. फार नाही, जुलै ते दिवाळी. यादी लागेपर्यंत, पैसे येईपर्यंत चार पोरं टेकतील एवढी. आमच्या गिरणीतल्या सातजणांनी पगारातून दरमहा दोनशे काढायचं ठरवलंय. कमी आहेत, माहीत आहे. पण माझ्या वेळी तेवढी एक खोली असती तर मी आज रात्रपाळीला नसतो.

जय भीम.