नेटवर्क चाचण्यांमधील वेळजन्य अस्थिरता

तपासल्या जाणाऱ्या आज्ञावलीत बदल झालेला नसताना कधी यशस्वी, तर कधी अयशस्वी ठरणाऱ्या स्वयंचलित चाचणीस अस्थिर चाचणी म्हणतात. नेटवर्क चाचण्यांमध्ये या अस्थिरतेचे मूळ बहुधा वेळेविषयीच्या गृहीतकात असते. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या ५१ प्रकल्पांतील दुरुस्त्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, वर्गीकरण झालेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुरुस्त्यांचे कारण असमकालिक क्रियेची योग्य प्रकारे वाट न पाहणे हे होते.

== कारणे ==
स्क्रिप्ट पार्श्वभूमीत सर्व्हर सुरू करते, 'स्लीप १' या आज्ञेने एक सेकंद थांबते आणि मग क्लायंट चालवते. हा एक सेकंद निव्वळ अंदाज असतो. विकासकाच्या संगणकावर सर्व्हर काही मिलिसेकंदांत सज्ज होतो. परंतु कामाचा भार असलेल्या आभासी यंत्रावर किंवा केसॅनसारखी स्मृतिदोष शोधणारी सुविधा चालू असलेल्या कर्नेलवर क्लायंट आधी पोहोचतो व जोडणी नाकारली जाते.

आयपीव्ही६ चे उदाहरण अधिक बोलके आहे. नव्याने दिलेला पत्ता लिनक्स प्रथम तात्पुरता मानते आणि तोच पत्ता दुसरे कोणी वापरत नाही ना, याची खात्री करते. आरएफसी ४८६२ मधील मूलभूत मूल्यांनुसार एक विचारणा पाठवून १००० मिलिसेकंद वाट पाहिली जाते. त्यापूर्वी एक सेकंदापर्यंतचा यादृच्छिक विलंबही असू शकतो. त्यामुळे दोन सेकंदांचा थांबाही काठावरचाच ठरतो.

== निराकरण ==
थांब्याचा कालावधी वाढवल्याने चाचण्या मंदावतात, दोष मात्र उरतोच. त्याऐवजी अपेक्षित स्थिती थोड्या थोड्या अंतराने तपासावी व त्यास कमाल मुदत घालावी. लिनक्स कर्नेलच्या चाचणीसंचातील 'वेट_लोकल_पोर्ट_लिसन' हे फंक्शन पोर्ट खुले झाल्याचे कर्नेलच्या नोंदींवरून तपासते. प्रत्यक्ष जोडणी करून तपासणे धोक्याचे असते, कारण एकच जोडणी स्वीकारणारा सर्व्हर त्यातच संपतो. पत्त्याची द्विरुक्ती हा चाचणीचा विषय नसेल, तर पत्ता देताना 'नोडॅड' हा पर्याय वापरणे सोयीचे असते.

पॅकेट पोहोचू नये, अशी अपेक्षा असलेली चाचणी अधिक अवघड असते, कारण न घडणाऱ्या घटनेची वाट पाहता येत नाही. क्रम राखणाऱ्या मार्गावर त्यामागून एक खूणपॅकेट पाठवावे. ते पोहोचेपर्यंत आधीचे पॅकेट आले नाही, तर ते अडवले गेले असे मानता येते.

अयशस्वी चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची पद्धत रूढ असली, तरी तिच्यामुळे आज्ञावलीतील खरी शर्यतस्थितीही झाकली जाऊ शकते. म्हणून दुरुस्तीपूर्वी 'नेटएम' वापरून कृत्रिम विलंब घालावा किंवा प्रोसेसरवर भार टाकून अपयश मुद्दाम घडवून आणावे आणि दुरुस्तीनंतर त्याच परिस्थितीत चाचणी अनेकदा चालवावी.