रक्ताच्या थेंबांतील साक्ष

उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा या दोन नद्यांमधील बारामती-इंदापूरच्या मुलखाला घोड्याचें अगत्य जुनें आहे. भीमेच्या थडीला निपजणारें भीमथडीचें तट्टू बुटकें, काटक आणि थोडक्या वैरणीवर राहणारें. मराठ्यांच्या फौजा त्याच्या पाठीवरून दूरदूर गेल्या.

असें जनावर आजारी पडलें म्हणजे त्याची परीक्षा होई ती डोळ्यांनीं आणि हातानें. शालिहोत्र जाणणारा मनुष्य पापणी उलटून पाही, कान गार कीं ऊन तें चाचपी, लिदीची पारख करी. ही विद्या हलकी नव्हती. पण रोग बाहेर उमटल्यावांचून तो तिला दिसत नसे.

सर्रा या रोगानें ही उणीव उघडी पाडली. घोड्याला ताप येई, उतरे, पुन्हा येई. वैरण खाऊनहि तो वाळत जाई, पाय व पोट सुजे आणि अखेर तो मरे. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें अशा घोड्यांचें व उंटांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें, तेव्हां त्यांत वळवळणारे जीव दिसले. वरिष्ठांना तें सहजासहजीं पटलें नाहीं.

पुढें १८८९ सालीं जनावरांच्या रोगांचा शोध घेणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती पुण्यांत. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं घोड्यांच्या सर्रा रोगावर १८९३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. परंतु त्याच वर्षीं ही शाळा हिमालयांत मुक्तेश्वरास हलली. दाट वस्तीजवळ सांसर्गिक रोगांचे जंतु हाताळणें धोक्याचें होतें. कारण रास्त खरें, पण इंदापूरहून चारपांच मजलांवर आलेली विद्या पुन्हा शेंकडों कोस दूर गेली!

परीक्षेचा निकाल नेहमीं सुखाचाच असतो असेंहि नाहीं. ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसालाहि जडणारा रोग. त्याच्या जंतूंपासून १८९०च्या सुमारास रशियांत मॅलीन हें द्रव्य तयार झालें. तें टोंचल्यावर रोगी घोड्याला ताप व सूज येई, निरोग्याला येत नसे. हिंदुस्थानांत १८९९च्या कायद्यान्वयें रोगी ठरलेला घोडा मारणें आलें. बाहेरून धडधाकट दिसणारें, घरच्या माणसासारखें वागविलेलें जनावर एका टोंचणीच्या सुजेवरून मारावयास द्यावयाचें, हें धन्याला कसें पटावें? तरी शेजारचा तबेला आणि खुद्द मोतद्दार यांना वांचविणारा दुसरा मार्ग नव्हता.

कुत्र्याची पाळी उशिरां आली. १९१० सालीं पॅटन यानें मद्रासकडील शिकारी कुत्र्यांच्या रक्तांत, तांबड्या पेशींच्या आंत, एक बारीक परोपजीवी पाहिला. गोचिडी तो पसरवितात. आज तापानें निपचित पडलेला कुत्रा दवाखान्यांत आणला म्हणजे कानाच्या कडेचा थेंब कांचेवर पसरून, रंगवून, तोच शोधतात. कारण याच जातीच्या मोठ्या जीवावर चालणारें औषध या बारक्यावर तितकेंसें चालत नाहीं. मोडलेलें हाड १८९५ सालीं राँटगेनला सांपडलेले क्षकिरण दाखवितात, आणि पोटांतील पिलें सोनोग्राफी.

सर्रा मात्र अजून चकवितो. तापाच्या दोन पाळ्यांमध्यें त्याचे जीव रक्तांतून दिसेनासे होतात. म्हणून पहिला थेंब स्वच्छ निघाला तरी जाणता वैद्य धन्याला सांगतो, कीं ताप पुन्हा चढला म्हणजे घोडा पुन्हा दाखवा.