वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडचे मापन

नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या तुलनेने हवेत कार्बन डाय-ऑक्साइड वायू अत्यल्प असतो. त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असे सांगतात. हे प्रमाण स्थिर आहे की वाढत आहे, या प्रश्नाचा निर्णय अखेर दीर्घकालीन अखंड मापनानेच झाला.

तापलेले भूपृष्ठ अवरक्त प्रारणाच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णता-किरणांच्या) रूपाने उष्णता बाहेर टाकते. हे प्रारण कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो, असे जॉन टिंडल यांना १८५९ मध्ये लंडन येथे केलेल्या प्रयोगांत आढळले. हवेतील या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान ५° ते ६° से. वाढेल, असे गणित स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते आरेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. दगडी कोळशाच्या ज्वलनामुळे ही वाढ प्रत्यक्षात सुरू झाली आहे, असे ब्रिटिश अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये प्रतिपादिले; परंतु जुन्या रासायनिक मापनांत एकवाक्यता नव्हती आणि जादा वायू समुद्र शोषून घेईल, असा सार्वत्रिक समज होता. समुद्रजलाचा वरचा थर हा वायू मर्यादित प्रमाणातच सामावून घेऊ शकतो, हे रॉजर रेव्हेल व हान्स झ्यूस यांच्या १९५७ मधील निबंधावरून दिसून आले.

आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या (१९५७–५८) निमित्ताने चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटातील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सु. ३,४०० मी. उंचीवर, अवरक्त विश्लेषक उपकरणाने मापन सुरू केले. शहरे व अरण्ये यांपासून दूर असल्याने तेथील हवा स्थानिक फेरफारांपासून बहुतांशी मुक्त असते. प्रारंभी हे प्रमाण सु. ३१३ आढळले. उत्तर गोलार्धातील वनस्पतींच्या वाढीमुळे ते मे महिन्यानंतर घटते व हिवाळ्यात पुन्हा वाढते; मात्र दर वर्षीची सरासरी आधीच्या वर्षाहून अधिक भरते. निधीच्या कपातीमुळे १९६४ मध्ये हे काम काही महिने बंद पडले. नोव्हेंबर २०२२ मधील उद्रेकात रस्ता व वीजपुरवठा तुटल्यावर मापन तात्पुरते जवळच्या मौना केआ पर्वतावर करण्यात आले.

अंटार्क्टिकातील हिमात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा इतिहास कळतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सु. २८० होते व त्या दीर्घ काळात ते ३०० च्या फारसे पुढे गेलेले नव्हते. मौना लोआ येथे दैनिक सरासरीने ४०० ची मर्यादा मे २०१३ मध्ये ओलांडली; २०२४ ची वार्षिक सरासरी सु. ४२४ होती.

इतरत्रही अशी केंद्रे निघाली. गोव्यातील काब द राम या किनारी भूशिरावर १९९३ पासून काही वर्षे हवेचे नमुने गोळा करण्यात आले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तेथे समुद्रावरील हवा येते, तर हिवाळ्यात भारतीय भूमीवरील हवा येते. त्यामुळे दोहोंतील फरक एकाच ठिकाणी अभ्यासता येतो.

हिमातील बुडबुड्यांत अनेक वर्षांची हवा मिसळलेली असल्याने ऋतूंनुसार होणारे चढउतार त्यांत दिसत नाहीत. ते केवळ चालू मापनातूनच समजतात आणि त्यात पडलेला खंड मागाहून भरून काढता येत नाही.