फॉरमॅट मारला आणि ऑडिओचे प्रीसेट गेले? ते कुठे असतात आणि बॅकअप कसा ठेवायचा

कॉम्प्युटर स्लो झाला की आपण तो दुकानात नेतो. दुकानदार विचारतो, "डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये काही आहे का? काढून ठेवू?" आपण हो म्हणतो, तो सगळं डी ड्राइव्हला टाकतो, सी ड्राइव्ह फॉरमॅट मारतो आणि संध्याकाळी मशीन घरी येतं. फोटो जागेवर असतात, रेकॉर्डिंगही असतात. मग ऑडॅसिटी उघडून आवाजाला नेहमीचा इफेक्ट लावायला जावं, तर आपण बनवलेल्या प्रीसेटची यादी रिकामी.

यात दुकानदाराची चूक नाही. त्याला ती फाइल दिसलीच नव्हती.

विषय आत्ता महत्त्वाचा आहे, कारण मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. जुनी मशीन अपग्रेड होतायत, बदलली जातायत. जालन्यात, अंबडला, भोकरदनला घरच्या घरी कीर्तनाचं यूट्यूब चॅनल चालवणारे, रिक्षावरच्या जाहिरातींचा आवाज देणारे, डीजेचे रिमिक्स बनवणारे बरेचसे याच जुन्या मशीनवर काम करतात.

प्रीसेट म्हणजे नेमकं काय?

फक्त आकडे. कुठली फ्रिक्वेन्सी किती डेसिबलने कमी करायची, कॉम्प्रेसर कुठे सुरू व्हायचा, एको किती ठेवायचा, एवढंच. त्यात आवाज नसतो, म्हणून फाइल अगदी छोटी, बहुतेकदा काही केबींची असते. पण ते आकडे जमवायला कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात.

एक उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो, खोलीत कूलर किंवा पंखा चालू ठेवावाच लागतो आणि त्याची घरघर माइकमध्ये येते. शिवाय अर्थिंग नीट नसेल तर विजेचा 'हम्म' असा आवाज मिसळतो. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे तो हम्म ५०, १००, १५० हर्ट्झवर बसतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिकडच्या ट्युटोरियलमधून उतरवलेला हम काढायचा प्रीसेट ६० आणि १२० वर कात्री चालवतो, आपला हम्म तसाच राहतो. म्हणून तुमच्या खोलीसाठी, तुमच्या माइकसाठी तुम्ही बसवलेला प्रीसेट नेटवर कुठेही मिळणार नाही.

सप्ताहाची सात दिवसांची कीर्तनं एकापाठोपाठ टाकायची आहेत आणि चौथ्या दिवशी प्रीसेट गेले, तर पुढच्या तीन भागांचा आवाज वेगळा लागतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण फरक कळतो.

मग ती फाइल असते कुठे?

विंडोजमध्ये बऱ्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज 'अ‍ॅपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. हा फोल्डर सी ड्राइव्हवर, तुमच्या युजर नावाखाली असतो आणि तो लपवलेला असतो. वनड्राइव्ह चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर सांभाळतो, अ‍ॅपडेटा सांभाळत नाही.

तिथे जायचा सोपा रस्ता: कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, मागे-पुढे टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा आणि एंटर मारा. ऑडॅसिटीच्या नावाचा फोल्डर समोर दिसेल. ऑडॅसिटी आधी बंद करा आणि तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा.

त्या फोल्डरमधल्या 'प्लगइनसेटिंग्ज' फाइलमध्ये तुमचे प्रीसेट असतात आणि 'मॅक्रोज' फोल्डरमध्ये एकामागोमाग लावायच्या इफेक्टच्या साखळ्या. शेजारी 'प्लगइनरजिस्ट्री' नावाची फाइलही दिसेल. ती नव्या मशीनवर टाकू नका, कारण त्यात जुन्या मशीनवरचे प्लगइनचे पत्ते असतात. परत टाकतानाही ऑडॅसिटी बंदच हवी, नाहीतर बंद होताना ती तुमच्या फाइलवर स्वतःच्या सेटिंग्ज लिहून मोकळी होते.

एकच प्रीसेट मित्राला द्यायचा असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही. इफेक्टच्या खिडकीत 'प्रीसेट्स अँड सेटिंग्ज' बटण आहे (जुन्या आवृत्तीत 'मॅनेज'). त्यात एक्स्पोर्ट केलं की साधी टेक्स्ट फाइल तयार होते. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, समोरचा इम्पोर्ट करेल. मॅक्रो मॅनेजरमध्येही एक्स्पोर्टची सोय आहे. नॉइज रिडक्शनचं मात्र वेगळं आहे. पंख्याच्या आवाजाचा जो नमुना आपण त्याला दाखवतो तो ऑडॅसिटी बंद केली की जातो, त्याचा बॅकअप होत नाही. त्यासाठी पाच-दहा सेकंद नुसत्या खोलीचं रेकॉर्डिंग वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेलं बरं.

सतत फॉरमॅट मारावा लागणाऱ्या मशीनसाठी सगळ्यात चांगला उपाय फार कमी लोक वापरतात. ऑडॅसिटीची झिप आवृत्ती डी ड्राइव्हवर उघडायची आणि प्रोग्रामची फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये 'पोर्टेबल सेटिंग्ज' नावाचा रिकामा फोल्डर इंग्रजीत नाव देऊन बनवायचा. त्यानंतर सेटिंग्ज तिथेच साठतात. सी ड्राइव्ह कितीदाही पुसला तरी फरक पडत नाही. डी ड्राइव्ह त्याच हार्ड डिस्कवर असेल आणि डिस्कच गेली तर मात्र दोन्ही जातील, तेव्हा पेन ड्राइव्ह हवाच.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या जनरल भागात 'एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन' आहे, त्यातून सगळ्याची एकच फाइल बनते. अडोबी ऑडिशनचे प्रीसेट अ‍ॅपडेटामधल्या अडोबी फोल्डरमध्ये, ऑडिशनच्या आवृत्तीच्या आकड्याखाली, 'इफेक्टप्रीसेट्स' नावाच्या फाइलमध्ये असतात. डीजेवाल्यांचा लाडका एफएल स्टुडिओ आपला डेटा डॉक्युमेंट्समधल्या 'इमेज-लाइन' फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणून तो दुकानदाराच्या कॉपीत बहुतेक वेळा वाचतो. व्हीएसटी ३ प्लगइनचे प्रीसेटही साधारण डॉक्युमेंट्समध्येच असतात. पण प्रीसेट जपला आणि प्लगइनचा सेटअप हरवला, तर फोडणीची कृती आहे आणि कढईच नाही अशी गत होते. प्लगइनचा इन्स्टॉलर आणि सिरियल नंबर सोबत ठेवा.

मोबाइलवर एडिट करत असाल तर अ‍ॅप अनइन्स्टॉल करताना जपून. अँड्रॉइडवर अ‍ॅपचा खासगी डेटा त्याच्यासोबतच पुसला जातो.

आधीच गेले असतील तर?

फॉरमॅट न मारता नुसतं विंडोज अपग्रेड केलं असेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर बघा. त्यात जुना अ‍ॅपडेटा असू शकतो. पण विंडोज तो साधारण दहा दिवसांत आपोआप काढून टाकते, त्यामुळे उशीर नको.

दुसरी जागा म्हणजे जुने प्रोजेक्ट. रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये त्या वेळच्या इफेक्टचे सगळे आकडे असतात. ऑडॅसिटी ३.२ पासून रिअल टाइम इफेक्ट आले, तेही प्रोजेक्टसोबत सेव्ह होतात. जुना प्रोजेक्ट उघडायचा आणि इफेक्ट नव्याने प्रीसेट म्हणून सेव्ह करायचा. ऑडॅसिटीत नेहमीच्या पद्धतीने ट्रॅकवर कायमचा लावलेला इफेक्ट मात्र असा परत मिळत नाही.

आणि एक गावठी वाटणारा पण पक्का उपाय: प्रीसेट उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. फाइल खराब झाली, आवृत्ती बदलली, सॉफ्टवेअरच बदललं तरी फोटोतले आकडे बघून पुन्हा भरता येतात. नाव देताना 'नवीन १', 'फायनल २' नको. माइक, खोली आणि तारीख लिहा, 'कॉलर माइक, कूलर चालू, मे २०२५' असं. बॅकअप घेतल्यावर एकदा दुसऱ्या मशीनवर तो टाकून यादीत प्रीसेट दिसतात का तेही बघा. मशीन दुकानात द्यायच्या आदल्या दिवशी हे केलं तरी चालतं, पण दुकानातून फोन आल्यावर नाही.