खिशातले पुस्तक आणि डोंगरावरची झाडे

पिंपरी, प्रतिनिधी

निगडीची दुर्गा टेकडी, घोरावडेश्वर, देहूजवळचा भंडारा आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र डोंगर ही उद्योगनगरीतील पदभ्रमण करणाऱ्यांची हक्काची ठिकाणे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना पिंपरीत 1954 मध्ये झाली. त्यानंतर माळ आणि शेते झपाट्याने कारखान्यांखाली गेली. मूळची झाडे प्रामुख्याने डोंगरउतारांवर उरली. ती ओळखण्यासाठी खिशात वा पाठपिशवीत मावणारी छोटी पुस्तिका हे आजही भरवशाचे साधन आहे.

या भागातील वनस्पतींची शास्त्रीय नोंद जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. मात्र तो अभ्यासिकेतला ग्रंथ. सामान्य भटक्याला उपयोगी पडणारी छायाचित्रांसह पुस्तके नंतर आली. श्रीकांत इंगळहळीकर यांचे 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे 2001 मधील पुस्तक त्यांपैकीच एक.

आधी पान पाहावे

फुले वर्षातून काही आठवडेच दिसतात, म्हणून ओळख पानापासून सुरू करावी. पहिला प्रश्न: पान साधे की संयुक्त? देठाच्या बगलेत कळी असेल तर ते पान. नसेल तर ती संयुक्त पानाची पर्णिका. दुसरा प्रश्न: पाने समोरासमोर की एकाआड एक? त्यानंतर कडा, शिरा, खोडाची साल आणि चीक पाहावा. एवढ्या उत्तरांवर पुस्तकातील शेकडो झाडांतून मोजकीच उरतात.

उदाहरणार्थ, पळस आणि पांगारा या दोघांनाही तीन पर्णिका असतात व दोघेही वसंतात लाल-केशरी फुलतात. पांगाऱ्याच्या खोडाफांद्यांवर काटे असतात, पळसाला नसतात. काटेसावरीलाही काटे असतात. पण तिच्या पर्णिका हाताच्या बोटांसारख्या एका बिंदूतून फुटतात. सोसायट्यांच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या उंच झाडाला 'अशोक' म्हणतात, तो खरा आसुपालव. त्याचे पान साधे असते, तर सीताअशोकाचे संयुक्त.

पानगळीत सालीकडे वळावे. कहांडळाचे पांढरेशुभ्र, गुळगुळीत खोड उन्हाळ्यात दुरूनही चमकते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस दिसले, तर ते झाड बहुधा गिरिपुष्प. मूळचे मध्य अमेरिकेतील हे झाड पुणे परिसरातील टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात लावले गेले. म्हणूनच हिरवी दिसणारी प्रत्येक टेकडी मूळ जंगल नव्हे, हे पुस्तक हाती असल्यावर चटकन उमगते.

काही पथ्ये

पुस्तक घेताना ते आपल्या प्रदेशाचे आहे ना, हे पाहावे. स्थानिक नावे गावागणिक बदलतात, म्हणून शास्त्रीय नावही टिपावे. अर्थात तीही बदलतात: जुन्या पुस्तकातील बाभळीचे 'अकेशिया निलोटिका' आता 'व्हॅचेलिया निलोटिका' झाले आहे. एकाच खुणेवर निर्णय देऊ नये, किमान तीन खुणा जुळाव्यात. भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपने सुचवलेले नावही याच पद्धतीने पडताळावे. अनोळखी फळ खाऊ नये. चीक अंगाला लागू देऊ नये; बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. भीमाशंकर हे 1985 पासून अभयारण्य आहे. तेथे पान वा फांदी तोडू नये, छायाचित्रावर समाधान मानावे.

नाव ठाऊक असण्याचे मोल

ही ओळख केवळ छंदापुरती नाही. राज्याच्या 1975 च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडीपूर्वी झाडावर नोटीस लावावी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. नोटिशीतील नाव आणि समोरचे झाड एकच आहे का, हे पाहण्यासाठी ते झाड आधी ओळखता यावे लागते. रस्ते रुंद होत असलेल्या शहरात ही हरकत वेळेत घेणे ज्याला झाडाचे नाव ठाऊक आहे, त्यालाच सोपे जाते.