अहमदनगर जिल्ह्यातील साखर कारखानदारी आणि भार उचलण्याच्या साखळीची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सहकार, पाणी आणि नेतृत्व या तीन अंगांनी झाले आहे. यंत्रशाळेत अनेक टनांचा भार डोक्यावरून नेणारी साखळी मात्र या लेखनात क्वचितच आढळते. वास्तविक ती कोणती निवडावी आणि तिच्यावर किती भार टाकावा, या निर्णयावर खाली उभ्या असलेल्या कामगाराचा जीव अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या निवडीच्या ज्ञानाचा आणि त्यामागील कायद्याचा मागोवा घेतला आहे.

ओढण्याकडून उचलण्याकडे

अवजड वस्तू हाताळण्याची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. विजापूरच्या बुरुजावरील ‘मलिक-ए-मैदान’ ही सुमारे 55 टनांची तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथेच ओतली गेली. पुढे ती परंडा किल्ल्यावर होती व तेथून 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. तथापि तो भार जमिनीवरून ओढण्याचा होता. ओढताना दोर तुटला तर काम खोळंबते. अधांतरी भार धरलेली साखळी तुटली तर माणूस दगावतो. हा फरक कारखान्याच्या युगात ठळक झाला.

भंडारदरा येथील धरण 1910 ते 1926 या काळात बांधले गेले आणि प्रवरा खोऱ्यात बारमाही ऊस उभा राहिला. हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना निघाला. त्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून लोणी परिसरात उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झाले. कारखान्याबरोबर चरक आले, आणि चरकाबरोबर त्याचे रोलर उचलणारी क्रेनही आली. गळीत हंगाम संपला की हे रोलर बाहेर काढून दुरुस्त करणे हे बिगरहंगामातील प्रमुख काम होय.

साखळी की वायर रोप?

लोखंडी तारांचा दोर जर्मनीतील हार्झ भागातील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 मध्ये सिद्ध केला. वजनाच्या मानाने तो बळकट असतो. परंतु रोलरच्या खाचांसारख्या धारदार कडांवर त्याच्या तारा तुटतात. साखळी अशा कडा आणि उष्णता अधिक सोसते. मात्र रोलरच्या दंडाचा घोटीव भाग तिने खरवडला जातो. त्यामुळे तेथे मध्ये जाड अस्तर घालावे लागते, किंवा साधनच बदलावे लागते. सारांश, साधन किती बळकट आहे याच्या आधी भार कोठे धरायचा आहे हे पाहावे लागते.

दुसरा मुद्दा कोनाचा आहे, आणि अनुभवी कामगारही येथे फसतो. दहा टनांचा रोलर साखळीच्या दोन पायांवर उचलला आणि पाय जवळजवळ उभे असले, तर प्रत्येकावर पाच टन ताण येतो. दोन पायांतील कोन 60 अंश झाला की ताण सुमारे 5.8 टन, 90 अंशांना सुमारे 7.1 टन आणि 120 अंशांना पूर्ण दहा टन होतो. साखळी आखूड पडली म्हणून पाय फाकवून काम भागविणे म्हणजे नकळत भार दुप्पट करणे होय. चार पायांच्या साखळीतही चारही पाय सारखा भार घेतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून तिची क्षमता तीन पायांच्या साखळीइतकीच धरतात.

तापविण्याचा नियम

जुन्या साखळ्या घडीव लोखंडाच्या असत. भट्टीत तापवून कडी जोडली जाई. वारंवार घासून व आपटून कडीचा पृष्ठभाग कडक होई आणि मग ती पूर्वसूचना न देता तुटे. यावर उपाय म्हणजे ती ठरावीक काळाने तापवून सावकाश थंड करणे. कारखानेविषयक नियमांत हा उपाय बंधनकारक होता : अर्धा इंच वा त्याहून बारीक साखळ्यांसाठी सहा महिन्यांनी, इतरांसाठी बारा महिन्यांनी.

पुढे मिश्रपोलादाच्या, उष्णोपचार केलेल्या साखळ्या आल्या आणि हाच उपाय अपायकारक ठरला. ‘ग्रेड 80’ची साखळी भट्टीत तापवून थंड केली की तिचे बळच नाहीसे होते. पोलादी साखळ्या त्या नियमातून वगळलेल्या होत्या. पण काळ्या पडलेल्या दोन साखळ्या शेजारी ठेवल्या तर जुनी कोणती आणि नवी कोणती हे डोळ्यांना कळत नाही. ते कळते फक्त कडीवरील खुणेवरून व साखळीला लावलेल्या बिल्ल्यावरून. म्हणूनच बिल्ला हरवलेली साखळी कितीही धडधाकट दिसली तरी बाजूला ठेवणे हाच शहाणपणा. 10 मिलिमीटरच्या ग्रेड 80 साखळीच्या एका पायाची सुरक्षित क्षमता 3.15 टन आहे; त्याच जाडीच्या साध्या लोखंडी साखळीस तो भार देणे धोक्याचे.

कायदा आणि गाडीतळ

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 मध्ये भार उचलण्याच्या साधनांच्या व्याख्येत साखळीचा स्पष्ट उल्लेख होता. बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, साधनावर सुरक्षित भार व ओळखखूण, आणि त्याची नोंदवहीत नोंद या गोष्टी त्यात आवश्यक मानल्या होत्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे.

चरकघरातील साखळीला ही नोंदवही लागू करणे तुलनेने सोपे असते. उसाच्या गाडीतळावर तसे नसते. ट्रॉलीच्या तळाशी आधी वायर रोप किंवा साखळ्या अंथरून त्यांवर मोळ्या रचतात. क्रेन त्यांच्या टोकांना धरून संपूर्ण ओझे उचलते आणि ते गव्हाणीकडे जाते. हे दोर जेथे वाहनासोबत फाटकाबाहेरून येतात, तेथे त्यांचे वय, त्यांनी पूर्वी सोसलेला भार व तुटलेल्या तारा यांची नोंद कोणाजवळच नसते. रात्रंदिवस चालणाऱ्या हंगामात, वाहनांची रांग लागलेली असताना प्रत्येक दोर तपासणे अवघड असते हे खरे. परंतु क्रेनच्या हुकात अडकविलेले साधन कोणाच्याही मालकीचे असले, तरी त्या उचलण्याची जबाबदारी कारखान्याचीच राहते.