स्टिकरवरचा आकडा आणि मिशिगनचा हिवाळा

तर झालं असं, २००३ च्या डिसेंबरात पुण्याहून बाबांचा फोन आला. खुशाली विचारून झाली आणि मग ठरलेला प्रश्न: "गाडी ॲव्हरेज किती देते रे?" उन्हाळ्यात गाडी घेतली तेव्हा काचेवरच्या स्टिकरवर शहरातला आकडा होता गॅलनला २३ मैल, म्हणजे लिटरला साधारण १० किलोमीटर. त्या महिन्यात टाकी भरून हिशेब केला तर जेमतेम १७ मैल! "तुला फसवलंय," बाबांनी निकाल देऊन टाकला.

इंजिनियर असूनही मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मग शोधायला बसलो. आणि कळलं की हा आकडा मुळात मायलेजसाठी जन्मलाच नव्हता.

१९६० च्या दशकात लॉस एंजेलिस धुरक्याने गुदमरत होतं. गाड्यांचा धूर मोजायचा म्हणून तिथल्या सकाळी कामावर जाणाऱ्या रहदारीवरून एक चाचणी बेतली गेली: १२ किलोमीटर, १३७२ सेकंद, सरासरी वेग ताशी साडेएकतीस किलोमीटर. गाडी रुळांवर (म्हणजे फिरत्या लोखंडी पिंपांवर!) चालवायची आणि धूर गोळा करायचा. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. सुरुवात 'थंड' इंजिनाने, पण ते थंड म्हणजे रात्रभर त्याच उबदार हवेत उभं असलेलं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीवर मायलेजचं स्टिकर सक्तीचं केलं. धुरातल्या कार्बनवरून किती पेट्रोल जळलं ते काढता येतं, तेव्हा आयती चाचणी हाताशी होतीच! लोकांच्या तक्रारी आल्यावर १९८५ च्या मॉडेलांपासून शहरातला आकडा १० टक्के आणि हायवेचा २२ टक्के कापला. हिवाळा मात्र मोजलाच नाही. गंमत म्हणजे सरकारची ही प्रयोगशाळा आमच्याच मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला आहे. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत लॉस एंजेलिसची सकाळ!

थंडीत होतं काय? ऑइल घट्ट होतं. इंजिन तापेपर्यंत जास्त पेट्रोल पितं. उणे ७ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट, ती कापत जायचं. टायरमधली हवा आक्रसते, टायर बसके होतात. हिवाळ्याच्या पेट्रोलमध्ये उष्णताही किंचित कमी. अमेरिकन ऊर्जा खात्याच्या हिशेबाने उणे ७ अंशांत शहरातलं मायलेज सुमारे १५ टक्के घटतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. माझं ऑफिस पाच किलोमीटरवर, इंजिन तापतंय तोवर मी पोचलेलो! २३ मधून २४ टक्के गेले की साडेसतरा उरतात.

उरलेलं टायरांनी खाल्लं. नोव्हेंबरात मी बर्फाचे जाड, जड टायर घातले होते. त्यांचं रबर मऊ, ते रस्त्यावर जास्त दबतं आणि त्यात शक्ती मुरते. शिवाय चाकाचं वजन नुसतं पुढे न्यायचं नसतं, ते फिरवावंही लागतं, प्रत्येक सिग्नलला नव्याने.

अखेर डिसेंबर २००६ मध्ये नियम बदलला. २००८ च्या मॉडेलांपासून उणे ७ अंशांची चाचणी हिशेबात आली. शिवाय वारा, बर्फ, टायरमधली कमी हवा असल्या रुळांवर न दिसणाऱ्या गोष्टींसाठी साडेनऊ टक्के वेगळे कापले. जुन्या गाड्यांचे आकडेही सरकारने पुन्हा मांडले. माझ्या गाडीचे २३ चे २० झाले.

म्हणजे खोटं कोणीच बोललं नव्हतं. आकडा खरा होता, फक्त तो दुसऱ्या गावाचा होता. आपल्याकडचा जाहिरातीतला आकडाही प्रयोगशाळेतलाच असतो, तेव्हा गाडी घेताना तो कुठल्या रस्त्याचा नि कुठल्या हवेचा ते विचारा.

बाबांना फोन करून हे सगळं सविस्तर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फसवलंच होतं ना?"

असो.